एसीच्या वाऱ्यावर सोलां

आई,

मी तुयेला फॅक्टरीत जाते आहे. तुम्ही देवळातून अजून आला नाहीत, म्हणून ही चिठ्ठी कोकमाच्या सोलांच्या सुपात ठेवते. पेज गॅसवर करून ठेवली आहे. आज चूल पेटवू नका.

काल मी कामावरून लवकर आले तेव्हा तुमच्या खोलीत एसी चालू, खोली रिकामी, आणि तुम्ही बाहेर उन्हात त्याच्या गरम वाऱ्यापुढे सोलां सुकवत बसला होतात. एसी घेताना दुकानदार मोठा दाखवत होता. तुमच्या खोलीच्या मापाचा म्हणून आम्ही हा लहान निवडला, सोलांसाठी नाही. गेल्या सोमवारी तुम्ही चुलीपाशी चक्कर येऊन पडलात, तेव्हापासून ह्यांना घास गोड लागत नाही.

मी एसी बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, आत निजलेल्या माणसाच्या अंगातली गरमी ओढून मशीन बाहेर टाकतं. आत कोणी नसेल, तर सोलां सुकणार कशी? तेव्हा जेवलात की दार लावून दोन तास पडा.

संध्याकाळी आल्याबरोबर मी सोलां चाचपून बघणार. ओली लागली, तर तुम्ही निजला नाहीत हे मला कळेल.

शेवंती