पेवातला दिवा

दिग्रस
१८ मार्च १९६२

प्रिय हंसे,

सप्रेम जयभीम. गुरुजींना तुला वाचून दाखवायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलंय. आई बरी आहे. दिवसभर शेजारणींशी भांडते, आणि तुझं नाव निघालं की उठून आत जाते. परवा तुझे मालक उकंडाजी एस.टी.नं इथं आले होते. चहा घेतला नाही. म्हणाले, "हंसा चुलीपाशी जात नाही, दिवा लावत नाही. माय म्हनते, बापाले जाळनारी पोरगी घरात कायले ठेवाची? होळी झाली का माहेरी नेऊन घाला." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. माझ्यासारखा निर्लज्ज मीच.

तुझ्या लग्नातलं ते मोरपंखी लुगडं आहे का अजून? बा दिग्रसच्या दुकानात तासभर ते हातानं कुरवाळत बसला होता. "रेशीम हाय का बे हे?" मी शहाणपणा केला, म्हटलं, नकली आहे, लाकडाच्या लगद्याचं. तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, की तो लगदा विरघळवून त्याचा धागा काढायला जे औषध लागतं, तेच मी नोकरीला आहे त्या बियाण्याच्या गोदामात डब्यांतून येतं. कार्बन बायसल्फाइड. साहेब सांगत होते, रबराच्या कारखान्यातही ते लागतं, आणि त्या वाफेत वर्षानुवर्षं राबणारी माणसं भ्रमिष्ट होतात. आमच्याकडं ते धान्यातले सोंडे मारायला. पाण्यासारखं दिसतं, सडक्या मुळ्यासारखं घाण मारतं, आणि झाकण उघडलं की बघता बघता उडून जातं. उडून वर मात्र जात नाही. त्याची वाफ हवेहून जड, ती दाण्यादाण्यातून खाली उतरते आणि तळाशी बसून राहते. जमिनीत खणलेल्या धान्याच्या पेवासाठी याहून चांगलं औषध नाही, असं मीच गावच्या सोसायटीच्या लोकांना सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

पेव उघडायचं काम बानं छप्पन सालीच, दीक्षा घेतली तेव्हा, सोडलं होतं. "पाटलाच्या पेवात आता पाटलानंच उतरावं," म्हणाला होता, तू तेव्हा केवढी हसली होतीस. पण सोसायटीचं बियाणं म्हणजे गावाचं, त्यात आपलंही, आणि औषध आणणारा त्याचा मुलगा. म्हणून तो उभा राहिला. मी ज्वारीवर परातीत औषध ओतलं, पेवाचं तोंड मातीनं लिंपलं, आणि डब्यावरचा इंग्रजी कागद त्याला समजावून सांगितला. वाफ भडकन पेट घेते, विस्तवापासून जपा, बिडी ओढू नका. त्यानं बिडीचं बंडल तिथल्या तिथं छपरावर भिरकावलं. आठ दिवस त्यानं बिडीला हात लावला नाही हंसे, माझा शब्द म्हणून.

नवव्या दिवशी पेव उघडलं. एक दिवस तोंड उघडं ठेवलं. मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा, तेवत राहिला तर माणसानं उतरायचं, विझला तर नाही. आपल्या आज्यानं हेच केलं, त्याच्या बापानंही हेच. माणसाचा जीव वाचवायचा दिवा तो, त्याला आपण आगीत कधी मोजलंच नाही. त्या कागदावर बिडीच्या पुढचाच शब्द कंदील होता. मी तो वाचला होता. पण पेवातला दिवा काही माझ्या डोक्यात आला नाही. तू चार दिवसांसाठी माहेरी आली होतीस, बानं हाक मारली, "हंसे, दिवा लावून आन वं." तू आणलास. बा पेवाच्या तोंडावर वाकला होता. पुढचं तुला सांगायला नको. यवतमाळच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि शेवटपर्यंत विचारत राहिला, "दिवा तं तेवत होता ना बे?"

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. चौकशीला साहेब आले, त्यांनी मला विचारलं, दिव्याबद्दल घरच्यांना सूचना दिली होती का? नोकरीला सहा महिने झाले होते. मी म्हणालो, हो साहेब, बहिणीला बजावून सांगितलं होतं. तू दारातच उभी होतीस. मला वाटलं, आता तू ओरडशील. तू इतकंच म्हणालीस, "दादानं सांगतलं असन. मीच इसरली असन." साहेबांनी तेच लिहून घेतलं, आणि मी खाली सही केली. दहा महिने मी पगार घेतोय आणि तू अंधारात बसतेस. काल तालुका कचेरीत जाऊन खरा जबाब लिहून दिला. नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. माझी कीव करू नकोस. गुरुजी, तुम्हाला हात जोडून विनंती, हे पत्र इथपर्यंत एकट्या हंसाला वाचून दाखवलं असेल, तर आता अंगणात चला, तिच्या सासूबाईंना, मथुराबाईंना बोलवा, चार माणसं जमवा आणि पहिल्यापासून मोठ्यानं वाचा. हंसे, तू काहीच विसरली नव्हतीस. मी तुला सांगितलंच नव्हतं.

तुझाच, तोंड दाखवायला जागा नसलेला दादा,
नागोराव