सबनिसाचा शिरपामाळ

जव्हार, श्रावण वद्य पंचमी

आज घास गोड लागला नाही. महाराजांकडे मुंबईहून सबनीस नावाचा चित्रकार पाहुणा आलाय. सकाळी आम्ही दोघं शिरपामाळावर चित्रं काढायला बसलो. या दिवसांत इथल्या दमट हवेत जलरंग वाळता वाळत नाही. म्हणून मी शेगडी नेतो. वारा लागू नये म्हणून कातळाआड ठेवतो आणि रंगाचा एक थर शेकून वाळवला, की मगच दुसरा देतो.

सबनिसाने विचारलं, "अहो, इथे रंग वाळतच नाही. तुम्ही काय करता?"

"थांबायचं. वाळतो हळूहळू."

कातळाआडची शेगडी त्याला दिसली नव्हती; मीही तिचं नाव काढलं नाही. का काढावं? महाराजांचा पाहुणचार आयता मिळतोय, तेवढं पुरे नाही का त्याला? त्याचा कागद फुकट जाईल, असं वाटलं होतं.

त्याचे रंग ओघळलेच. डोंगराची कड आभाळात विरून गेली, झाडं अर्धी पुसली गेली. मी मनातून खूश.

दुपारी महाराजांनी दोन्ही चित्रं पाहिली. सबनिसाचं हातातून खाली ठेवेनात. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, हे आपलं धुकं. तुम्ही इतकी वर्षं शिरपामाळ काढता, तुमच्या चित्रात हे कधी कसं दिसलं नाही?"

दरबारचा चित्रकार मी, आणि धुकं उतरलं त्या उपऱ्याच्या कागदावर. तेही मी शेगडी लपवली म्हणून.

आत्ता हिने विचारलं, "शेगडी विझवू का?"

इतकी वर्षं या शेगडीवर मी धुकंच वाळवत आलो.