भिंतीवर कुठल्या सालचे करकोचे

ब्रेडा, १४ मार्च २०२१

चि. अजित यास,
अ. उ. आ. वि. वि. आशीर्वाद दिला म्हणून राग गेला असं समजू नकोस. हे फोनवरच सुनावलं असतं, पण आमचा नवरोबा राजन दिवसभर समोरच्या खुर्चीत असतो आणि त्याच्यासमोर हा विषय नकोय. टपाल डेल्फ्टला एक-दोन दिवसांत पोचतं, तेवढा दम धर.

मारलेइनबाईंचा मेल आला. राजनच्या बेसबॉल क्लबाच्या या अध्यक्षीणबाई. लॉकडाऊनमध्ये क्लबघर बंद, म्हणून त्यांनी ते रंगवायला काढलंय आणि समोरच्या भिंतीवर २०१९चा संघ लावायचाय, खेळाडूंची कार्डं एका चौकटीत बसवून. लावू देत की. संघाचं नाव ओयेवार्स, म्हणजे डचमध्ये करकोचे; आपले हे करकोचे जन्मात एकदा जिंकले ते त्याच साली. चौकट कोण करणार, तर आमचे डॉक्टर अजित. लोक अमेरिकेहून पदवी घेऊन येतात, तू बेसबॉल कार्डांची खोकी घेऊन आलास, तेव्हा या विषयातला अधिकारी तूच. आणि एवढा अधिकार वापरून निवडलंस काय, तर ज्यांच्यावर २०१९ छापलंय ती कार्डं! दिवे लावलेस अगदी.

अरे, क्लब कार्डं छापतो हिवाळ्यात. फोटो आदल्या उन्हाळ्यातले, पाठीमागचे आकडेही आदल्या वर्षाचे. म्हणजे २०१९च्या कार्डांवर २०१८चा संघ. त्यात तो बास नावाचा खेळाडू आहे, जो कार्डं छापल्यावर ग्रोनिंगनला निघून गेला आणि जिंकलेल्या वर्षी एक चेंडू टाकला नाही त्याने. आणि राजन नाही! राजन त्या मे महिन्यात क्लबात गेला, एकोणपन्नासाव्या वर्षी. पहिल्याच सामन्यात क्रिकेटसारखी बॅट हातात धरून धावत सुटला. पंच म्हणाले टाका ती, तर हा म्हणतो, एवढी चांगली बॅट मातीत कशाला टाकू? अख्खं मैदान हसलं. हसेनात का, पण शेवटच्या सामन्यापर्यंत तो संघात होता. त्याचं कार्ड निघालं ते २०२०च्या संचात, लाल टोपी घालून आणि पोट आत ओढून. तेव्हा २०१९चा खरा संघ २०२०च्या कार्डांवर आहे. मला बेस किती असतात ते अजून धड सांगता येत नाही, तरी एवढं कळतं. तुला कळू नये?

२०२०ची लाव. मीनलला माझे आशीर्वाद, तिच्या सहनशक्तीला नमस्कार.

माया आहे ती आहेच, अकलेचं तेवढं तुझं तू बघ.
तुझी,
शामलाताई


डेल्फ्ट, १८ मार्च २०२१

ती. सौ. शामलाताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं, लिफाफा अजून गरम आहे.

तुझा शोध थोर आहे, फक्त तो लावून लोकांना शंभर वर्षं झाली. कार्डावरचं साल धरायचं की पाठीमागच्या आकड्यांचं, यावर माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं जगभर भांडतात. दोन्ही बाजूंना कुणीतरी भलताच आत येतो आणि कुणीतरी हक्काचा बाहेर राहतो. तुझ्या लाडक्या २०२०च्या संचात कोण बाहेर राहतो, ते बघितलंस का? नवऱ्याचं पोट बघण्यात दिसलं नसेल. कोर नाही त्यात! अठ्ठावन्न वर्षांचा कॅचर, तीस उन्हाळे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलेला. करकोचे जिंकले ते त्याच्या जिवावर. त्या विजयानंतर गुडघ्यांची दया येऊन त्याने खेळ सोडला, म्हणून पुढच्या वर्षी त्याचं कार्ड छापलं नाही. आणि मागच्या एप्रिलमध्ये करोनाने गेला बिचारा. त्याला वगळून जिंकलेला संघ लावायचा, तर त्यापेक्षा कॅन्टीनचं दरपत्रक लाव.

आता तू म्हणशील, दोन्ही सालांतली हवी ती उचल. आधीच सांगतो, भेळ करणार नाही. एका चौकटीत एकच साल. कार्डांइतक्याच खाचा मी पुठ्ठ्यात कापतो, त्यात आणखी एक पाहुणा मावत नाही. हळदीकुंकू नाही हे, कुणी आलं की सरकून घ्यायला.

भाऊजींबद्दल मला आदर आहे. पण ते मैदानावर होते त्याहून जास्त वेळ तिथे गवत कापायचं यंत्र होतं. नवऱ्याचा फोटो लावायचाच असेल तर स्वतःच्या दिवाणखान्यात लाव, कोण नको म्हणतंय? हे वाचून मीनल म्हणाली, शेवटचं काढून टाका. मी म्हटलं, तू माझ्या ताईला ओळखत नाहीस, तिला हे मऊच वाटेल.

लोभ कमी झाला असल्यास वाढवून घ्यावा.
तुझा,
अजित


ब्रेडा, २३ मार्च २०२१

चि. अजित यास,
अ. उ. आ. मीनलचं ऐकायला हवं होतंस. दोन दिवस मी भांडी आपटत होते. राजनने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, माझा भाऊ विद्वान आहे.

आता नीट वाच. मागच्या मे महिन्यात राजन हॉस्पिटलमधून घरी आला, त्यानंतर तो घराबाहेर पडलेला नाही. तपासणीला गाडीतून नेलं तेवढंच. तू व्हिडिओ कॉलवर बघतोस तो शर्ट घातलेला राजन. कॉल संपला की तो जागचा हलत नाही. हाउसआर्ट्स म्हणजे आमचे इथले डॉक्टर, ते म्हणतात छाती पूर्ण बरी झाली, रोज चालायला जा. हा म्हणतो, उद्यापासून. दिवसा ऑफिसचा लॅपटॉप, मग तीच खुर्ची. पावासाठी कोपऱ्यावरच्या आल्बर्ट हाइन दुकानापर्यंतसुद्धा जात नाही. चार मित्रांनी फोन केले, याने उचलले नाहीत, आता तेही करत नाहीत.

तो आणि कोर एकाच हॉस्पिटलात होते, एकाच आठवड्यात नेलेले. हा घरी आला, तो नाही आला. तेव्हापासून कोरचं नाव या घरात निघालेलं नाही. मी एकदा काढलं तर उठून आत गेला.

मला वाटलं, भिंतीवर याचं कार्ड लागलं की क्लबातली मंडळी चिडवतील, बोलावतील, निदान स्वतःचा चेहरा बघायला तरी हा जाईल. एवढंच. मला तुझ्या सालाशी काही देणंघेणं नाही. माझा नवरा मला दाराबाहेर हवाय. मला फार भीती वाटते रे.

हे वाचून टोमणा सुचला तर गिळून टाक. माया ठेव.
शामलाताई


डेल्फ्ट, २७ मार्च २०२१

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि. हे तू वर्षभर लपवलंस? गवार कडू निघाली तरी मला फोन करणारी बाई तू! आणि मी मूर्ख, भाऊजींचा शर्ट इस्त्रीचा दिसला की सगळं ठीक आहे समजायचो.

२०२०चा संच लावतोय. माझ्या मताविरुद्ध लावतोय, हे कुठेतरी नोंदवून ठेव. कोरला त्यात घुसव असं मात्र सांगू नकोस. एक वेळ चुकीचं साल लावेन, पण भेळ माझ्या हातून होणार नाही. चौकट मी मारलेइनबाईंकडे परस्पर पाठवतो. क्लबघर उघडेपर्यंत भाऊजींना कळू द्यायचं नाही.

तुझी काळजी वाटते, हे मीनलने लिहायला सांगितलंय. मलाही वाटते. तुझ्या शिव्यांची सवय आहे, त्या बंद करू नकोस.
तुझा,
अजित


ब्रेडा, १४ जून २०२१

चि. अजित यास,
अ. उ. आ. वि. वि. तुझ्या चौकटीचे पराक्रम ऐक.

शनिवारी क्लबघर उघडलं. सकाळीच मारलेइनबाईंनी भिंतीचा फोटो सगळ्यांना पाठवला. मी चहा हातात घेऊन राजनच्या तोंडाकडे बघत उभी. आता हसेल, मग हसेल. त्याने फोटो मोठा केला, इकडून तिकडे सरकवला, आणि कोर कुठाय म्हणून विचारलं. वर्षानंतर ते नाव त्याच्या तोंडून निघालं. मी तुझं ते साल, फोटो, आकडे सगळं समजावून सांगितलं. तर म्हणाला, अजितला अक्कल नाही हे माहीत होतं, तुला तरी असेल असं वाटलं होतं. आणि बूट कुठे आहेत म्हणून ओरडला.

अजित, बूट घालून तो बाहेर पडला! सायकलच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती, म्हणून चालत. मी माझी सायकल काढून बरंच अंतर ठेवून मागे. वाटेत दोनदा बाकावर बसला, छातीवर हात ठेवून. हाक मारावीशी वाटत होती, पण मारली असती तर मागे फिरला असता. क्लबाच्या कुंपणाशी मी झुडपाआड थांबले. मारलेइनबाईंनी मला पाहिलं आणि खुशाल मोठ्याने आत बोलावलं. डच माणसाला झुडपाआड उभं राहणं म्हणजे काय ते कळत नाही.

आत हा चौकट टेबलावर उपडी टाकून सुरीने मागचा पुठ्ठा उचकटत होता. स्वतःचं कार्ड काढलं. पाकिटातून कोरचं काढलं, २०१९चं, कोपरे पार मऊ झालेलं. ते स्वतःच्या खाचेत बसवलं. तुझ्या एका सालाची भेळ झाली, आणि ती दिसतेही छान. मारलेइनबाई म्हणाल्या, डॉक्टर अजितकडून आणखी एक खाच कापून घेऊ, तुम्ही दोघंही मावाल. याने साफ नाही म्हटलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला की कोरला पोचवायलाही मी नव्हतो, आता भिंतीवरून तरी मी त्याला ढकलणार नाही. आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडला. मीही रडले. मारलेइनबाईंनी कॉफी आणली, तिच्याइतकी पातळ कॉफी मी जन्मात प्यायले नाही.

तेव्हा ज्या कार्डासाठी मी तुझ्याशी भांडले, ते आता आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे. तू म्हणाला होतास तसं घरीच लावलं. फुशारकी मारू नकोस. हे लिहितेय तेव्हा राजन मागच्या अंगणात सायकलच्या चाकात हवा भरतोय. पंपाची नळी फाटलीय, आणि पंप नीट ठेवला नाही म्हणून तो माझ्या नावाने ओरडतोय. ओरडू दे.

इकडे या दोघं. माया तुझ्यावर आहेच, आज जरा जास्त आहे.
तुझी,
शामलाताई