सूर्यावरचा डाग

तीर्थपुरी, मंगळवार, दिवेलागण

आज मी शहाणपणा करून सुनबाईचा पाणउतारा केला.

ती शाळेत विज्ञान शिकवते. उद्या वर्गाला दाखवायचं म्हणून दुपारी तिनं अंगणात दुर्बीण मांडून सूर्याचं बिंब पुठ्ठ्यावर पाडलं. बिंबावर एक काळा डाग. माझ्या गॅरेजवरच्या चौघा कारागिरांसमोर मी म्हणालो, "काच घाण आहे." आणि रुमालानं पुसलीसुद्धा! सगळे हसले. डाग तिथंच.

नंतर भिंतीपलीकडून ऐकलं, सुनबाई माझ्या पोराला सांगत होती, "दुर्बीण न्हाई नेत मी. शाळेतबी हसतील." माझे कान तिखट, काय करू?

उठलो. म्हणालो, "सुनबाई, पुन्हा दाखव." या खेपेला डोळ्याकडचं भिंग हळूहळू फिरवलं. काचेवरची घाण काचेबरोबर फिरली असती. डाग हलला न्हाई. म्हणजे सूर्यावरच!

"मामा, त्यात आपली पृथ्वी मावंल," ती म्हणाली. आणि सूर्य आतून सारखा थरथरतो म्हणे. त्या थरथरीवरून शास्त्रज्ञ त्याच्या पोटातलं ओळखतात.

अरे, मी तरी जन्मभर काय केलं? पान्याचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावून त्याचं दुखणं सांगितलं. पण हे इंजिन केवढं! पृथ्वी मावंल एवढा डाग, आणि मी पुसायला निघालो...

आत्ताच चौघांना फोन केले. "चूक माझी होती. उद्या शाळेत या, तिथंच सांगतो."

एकानं विचारलं, "मिस्त्री, पोरांसमोर?"

"व्हय. दुर्बीणबी मीच उचलून नेणार."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला. सुनबाई ऐकत होती वाटतं.