डाव्या हाताचा कॅमेरा

१२ ऑगस्ट, मंगळवार
अस्तराचं कापड काढायला कपाट उघडलं तर मागून यांची कॅमेऱ्याची बॅग हाताला लागली. चैत्रात यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तशीच पडलेली. चेन उघडली, आतून वास. पावसात न वाळलेल्या गोधडीला येतो तसा. मोठी लेन्स खिडकीपाशी नेऊन पाहिली. काचेवर पांढरं, बारीक, जाळ्यासारखं काहीतरी. पदरानं पुसलं. जाईना. आतल्या अंगाला आहे.
यांना सांगितलं नाही. उजवा हात मांडीवर ठेवून, बंद टीव्हीकडे बघत बसले होते.

१३ ऑगस्ट, बुधवार
सांगावंच लागलं. आयुष्यभर एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, आता आजारपणाच्या रजेवर. तिकीट न काढलेला चेहऱ्यावरून ओळखायचे, तिथं माझा चेहरा काय लपणार. लेन्स हातात दिली. डाव्या हातानं उचलली, एका हाताला पेलेना, मी खालून धरली. बराच वेळ आत बघितलं. मग, "बु... बुरशी."
आता शब्द असेच येतात. एकेक. मधे थांबून.
दुपारी अश्विनीचा पुण्याहून फोन. "आई, विकून टाका ना ते सगळं. बघून बघून बाबांना त्रासच होणार."
लेकीचं चुकत नाही. पण फोन स्पीकरवर होता. हे ऐकत होते.

१६ ऑगस्ट, शनिवार
लेन्स टॉवेलात गुंडाळून मी सेलूला गेले, सलीमभाईंकडे. लग्नाचे फोटोही काढतात, कॅमेरे दुरुस्तही करतात. हे सुट्टीच्या दिवशी काळवीटं न् पाखरं टिपायला जायचे, तेव्हा येताना चहा तिथंच.
सलीमभाईंनी बॅटरीचा उजेड आत टाकून पाहिलं. "वैनी, घाबरू नका. बुरशी हाय, पर काच खाल्ली न्हाई अजून. खोलून साफ करतो." मग रागावले. "कपड्याच्या कपाटात ठेवली व्हय? बरसातीत बॅगेत कॅमेरा म्हंजे ओल्या पोत्यात गूळ!"
समजावून सांगितलं सगळं. घट्ट झाकणाचा डबा घ्यायचा. आत निळ्या दाण्यांची पुडी. दाणे गुलाबी झाले की ओल प्याले समजायचं. मग ऊन कडक असंल तर उन्हात, न्हाईतर जुन्या तव्यावर मंद आचेला, पुन्हा निळे होतेत. ("भाकरीच्या तव्यावर न्हाई हां वैनी.") तोंडानं फुंकर मारायची न्हाई, थुंकी उडती. आधी रबरी फुग्यानं धूळ उडवायची, मग कापड. उलटं केलं की तीच धूळ काचेवर ओरखडे काढते.
हे मला लगेच पटलं. शिवताना मखमलीवरचा खडू आपण आधी झटकतो, चोळत नाही.
मजुरीचं नाव काढू दिलं नाही. "दत्ताभाऊनं एक फोटो काढून पाठवावा, बस."
काढतील का, कोण जाणे.

२४ ऑगस्ट, रविवार
लेन्स साफ होऊन आली. पापडाचा मोठा डबा रिकामा करून त्यात ठेवली, खाली निळी पुडी. पापड आता पातेल्यात.
यांनी आज कॅमेरा मागून घेतला. इतक्या वर्षांत माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, फोटोचं बटण उजव्या बाजूला असतं. सगळ्याच कॅमेऱ्यांना. यांनी उलटा करून पाहिला, डाव्या अंगठ्यानं बटण दाबायला. वजन सावरेना. लेन्सचं तोंड टेबलाच्या कडेला लागलं. काच वाचली, कडेला पोचा.
कॅमेरा हळूच खाली ठेवला. मग रडले. मी शेजारी बसून राहिले.

२६ ऑगस्ट, मंगळवार
महालक्ष्म्यांच्या साड्यांचं फॉल-पिको साचलंय. मशीनवर बसल्या बसल्या डोक्यात आलं. शिवणवर्गात एक डावखुरी पोरगी होती, तिला कात्री चालेना. बाई म्हणायच्या, हिला शिवण जमणार नाही. मग कुणीतरी डावखुऱ्यांची कात्री आणून दिली. पुढं वर्गात सगळ्यांत सरळ कापायची ती.
म्हणजे वांधा हाताचा नव्हता, कात्रीचा होता.
सलीमभाईंना फोन केला. "हाय ना वैनी! वायरचं बटण येतं. कॅमेरा स्टँडवर, वायर कॅमेऱ्याला, बटण डाव्या मुठीत. इतकंच."
यांना सांगितलं. लगेच मान हलवली. खुश. मग मोठ्या लेन्सकडं बोट केलं, मग पायाकडं. "चाल... चालायचं."
खरंय. काळवीट काही स्टँडसमोर येऊन उभं राहत नाही. मोठी लेन्स घेऊन माळावर वाकून, रांगून जावं लागतं. यांना तर अंगणापर्यंत काठी लागते.

७ सप्टेंबर, रविवार
सलीमभाई घरी आले, केळी घेऊन. एक निरोपही आणला. पालमला शुभांगी म्हणून हायस्कूलला शिक्षिका आहे. शेतकीचं शिकली, तेव्हा कापसावरच्या किडींचे फोटो काढायची. तिच्याकडं जवळून फोटो काढायच्या लेन्सा आहेत. आता तिला पाखरांचं वेड लागलंय, मोठी लेन्स पाहिजे.
"अदलाबदल करा, दत्ताभाऊ. माळावर जाता येईना तर अंगणात बसून काढा. अंगणात काय कमी जनावरं हायेत व्हय?"
यांनी भिंतीकडं तोंड केलं. सलीमभाई गेले तरी वळले नाहीत. जेवले नाहीत.
मला राग आला. यांचा नाही. कुणाचा ते कळेना.

८ सप्टेंबर, सोमवार
सकाळी चहा पिताना आपणहून, "बोलव."
"कुणाला?"
"पा... पालमची."

१४ सप्टेंबर, रविवार
शुभांगी आली. गंगाखेड, परभणी, सेलू करत, तीन बसा बदलून. आल्या आल्या यांच्या पाया पडली. "काका, सलीमभाईंच्या दुकानात तुमच्या काळविटाचा फोटो हाय. तो बघूनच मला नाद लागला."
यांनी खाली बघितलं. कान लाल झाले होते.
तिनं दोन लेन्सा आणल्या होत्या. एक लहान, हलकी. दुसरी लांब, जड. म्हणाली, "काका, एका हातानं वापरायची तर लहान घ्या." यांनी मान हलवली. माझ्या केसातली पिन मागितली, पाटावर ठेवली. लहान लेन्स पुढं पुढं नेली. पिन मोठी दिसायला लेन्स पार तिच्या तोंडाशी न्यावी लागली. सावली पिनवरच पडली. "उड... उडतं." म्हणजे इतक्या जवळ गेल्यावर किडा उडून जाणार. मग लांब लेन्स लावली. वीतभर अंतरावरून पिन तेवढीच मोठी. वजनाचं काय विचारलं तर स्टँडवर थाप मारली. वजन तो उचलेल.
शुभांगी हसली. "बरोबर हाय काका. मी तुमच्या हाताचा विचार केला, किड्याचा केलाच न्हाई."
मग मोठी लेन्स द्यायची वेळ आली. यांनी ती मांडीवर घेतली न् बोलायला लागले. झटक्यानंतर इतकं कधी बोलले नव्हते. "पाऊस... आला. पिशवी घाल. घरी... पुस. लगेच. कपाट... न्हाई. डबा. गाडीत... उन्हात... न्हाई ठेवायची." शब्द अडला की ती घाई करत नव्हती, पुरवत नव्हती. थांबायची. मग तेच वाक्य परत म्हणायची, वर्गातल्या पोरीसारखं.
ती उठली तरी यांचा हात लेन्सवरच. मला वाटलं आता देत नाहीत. तर म्हणाले, "देवगाव फाटा. पुढं... माळ. बाभळी. सकाळी. वारा... तोंडावर घे. काळवीट... हाय."
ती जागा यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सलीमभाईंनाही नाही.
ती गेल्यावर दोन घास जास्त जेवले. मी मोरीत जाऊन रडले. दुःखाचं नव्हतं.

२० सप्टेंबर, शनिवार
सगळे फोटो धूसर. मुंगीचा एक पाय स्वच्छ, मुंगी गायब. शुभांगीनं फोनवर सांगितलं, इतक्या जवळून स्वच्छ दिसणारा पट्टा दोऱ्याएवढाच असतो. म्हणून लेन्स फिरवत बसायचं न्हाई, कॅमेराच तसूतसूनं पुढं-मागं सरकवायचा. त्याला घसरपट्टी येते, खाली बसवायची. कडेला गोल मूठ असते, ती फिरवली की सरकतो. सलीमभाईंकडं जुनी पडली होती, पाठवून दिली.
फ्लॅशचा उजेड फार टोचतो. मी पांढऱ्या अस्तराची टोपी शिवून फ्लॅशला घातली, आत तार. उजेड एकदम दुधासारखा. हे बघून म्हणाले, "वा."
चांगला टेलर म्हणून आजवर पुष्कळ बायांनी नावाजलंय. ह्या "वा"ची गोष्ट वेगळी.

२८ सप्टेंबर, रविवार
पाऊस थांबेना. दाणे सारखे गुलाबी. तवा चालूच.
स्टँड नको असेल तेव्हा कॅमेरा टेकवायला मागच्या आठवड्यात उशी शिवून दिली होती, आत ज्वारी भरून. आज त्या उशीतून सोंडे निघाले! टेबलभर. मी झाडू घेऊन धावले तर हे ओरडले, "थांब!" एकदम, न अडखळता. मग वायरचं बटण डाव्या मुठीत घेऊन बसले. मी फडक्यानं सोंडे अडवायचे, यांनी काढायचे.
फोटोत त्या किड्याला हत्तीसारखी सोंड. अंगावर खवले, कुणी सुईनं टाके घातल्यासारखे. जन्मभर हे चाळणीतून फेकत आले मी. कधी तोंड बघितलं नव्हतं त्यांचं.
दोघंही पोट दुखेपर्यंत हसलो. यांचं हसू आता एका बाजूनंच येतं. येतं तर खरं.
सलीमभाईंना पाठवला. उत्तर, "मजुरी मिळाली."
(ज्वारी काढली, थर्माकोलचे मणी भरले.)

५ ऑक्टोबर, रविवार
व्यायाम शिकवायला फिजिओच्या ताई येतात सेलूहून. त्यांना चेंडू दाबून दाखवायचा यांना कंटाळा. रोजची भांडणं. आज ताईंनी घसरपट्टीची मूठ बघितली. "हे काय?" मी सांगितलं. त्यांनी यांचा उजवा हात उचलून त्या मुठीवर ठेवला, वरून डावा. "काका, आजपासून चेंडू बंद. हे फिरवायचं."
हे तासभर फिरवत बसले. जास्वंदीवर मावा आलाय, तो बघत. ताई म्हणाल्या, उजवं बोट थोडं ओढतंय. मला दिसलं नाही. यांना विचारलं. "कळ... कळत न्हाई. डावा... का उजवा."
असू दे.

९ ऑक्टोबर, गुरुवार
मळण्या सुरू झाल्यात. सोयाबीनची धूळ घरात भाकरीवरसुद्धा. लेन्स बदलायची तर दार लावून, पंखा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. हे माझं काम. हे खुणेनं सांगतात, मी करते. आधी फुगा, मग मऊ कापड, मधून कडेकडे. माझा हात बसलाय आता.
अश्विनीनं सोंड्याचा फोटो ऑफिसात दाखवला म्हणे. फोनवर म्हणाली, "बाबा, विका म्हणले ते विसरा." हे म्हणाले, "कोण... म्हणलं?"
डेपोतून निरोप आला. परभणीला मोठ्या डॉक्टरांकडं तपासणी. हलकं काम देता येईल की नोकरी संपली, ते त्यावर ठरणार. पुढच्या बुधवारी.
देवापुढं दिवा लावला. मागितलं काही नाही. आधीच बरंच मिळालंय, आणखी कुठल्या तोंडानं मागू.

१२ ऑक्टोबर, रविवार
अंगणातल्या कढीपत्त्याच्या काडीवर हिरवा कोश सापडला, लिंबावरच्या फुलपाखराचा. एका बारीक धाग्यानं काडीला कंबर बांधून घेतलेली. रोज पानं तोडते मी, अळी कधी दिसलीच नाही. यांना मात्र खुर्चीतून दिसला. तिथंच स्टँड मांडून घेतला. आता कढीपत्त्याला हात लावायची बंदी. फोडणी बिनपानाची.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
उद्या परभणी. पहिल्याच बसनं निघायचं ठरलं होतं, नंबर लवकर लागावा म्हणून. कागद, औषधं, पाण्याची बाटली, सगळं भरून ठेवलं.
दिवस मावळताना यांनी हाक मारली. कोश काळा पडलाय. मला वाटलं मेला. लेन्समधून बघ म्हणाले. पातळ पापुद्र्याआड पंख घडी घालून ठेवलेले, पिवळे ठिपके स्वच्छ दिसायले. इस्त्री करून ठेवलेल्या जरीच्या साडीसारखे. हात लावावासा वाटला. लावला नाही.
"सकाळी," म्हणाले. "उन्ह... आलं की. निघंल."
"आन् बस?"
"दुसरी."
"डॉक्टर थांबतील का?"
जरा वेळ लागला, पण सगळं बोलले. "डॉक्टर थांबतील. हे न्हाई थांबणार."
नोकरीचा निकाल आहे उद्या. आणि तरी, चैत्रापासून हा माणूस सकाळ कधी होईल म्हणून असा वाट बघायला लागला नव्हता.
पांढरा सदरा इस्त्री करून खुंटीला लावला. यांनी नको म्हणून खूण केली. "पांढरा... चमकतो. जवळ."
मग ट्रंक उघडायला लावली. आतून खाकी काढला, ड्यूटीचा. तो अंगावर असला की झाडापाशी फुलपाखराला कळत न्हाई म्हणे. खांद्यावरची घडी उलगडेना, पाणी शिंपडून दोनदा इस्त्री फिरवली.
विचारलं, "फोटो झाल्यावर बदलायचा, का खाकीतच जायचं डॉक्टरकडं?"
खाकीच्या बटणांवरून डावा हात फिरवत म्हणाले, "बघू."