भिंतीवरची हजेरी

उस्ताद, आज दुपारी जळकोटच्या साइटवर एका बाईनं मला मोबाइलमध्ये भिंतीचे फोटो दाखवले, तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं होत आली. एवढ्या काळात मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोललो, पण ते सगळं कामाचं. वाळूत माती येते, हल्लीचे मिस्त्री ओळंबा न लावताच भिंत उचलतात, असलं. बोलायचं होतं ते ठेवूनच दिलं. आता थकवा आलाय, ठेवण्याचाही.

तुम्ही वही कधी वापरली नाही. चुलीतला कोळसा घ्यायचा आणि आतल्या खोलीच्या विटांवर प्रत्येकाची एक ओळ, रोज एक उभी रेघ. माझी ओळ सगळ्यात खाली, कारण मी सगळ्यात नवा बिगारी. आठवडा संपला की तुम्ही रेघा मोठ्यानं वाचणार, आम्ही व्हय म्हणणार, झाली हजेरी. गिलाव्याची वेळ आली की मात्र तीच भिंत पहिली घ्यायची. मी एकदा विचारलं, "उस्ताद, हे सगळं झाकून जाणार की." तुम्ही म्हणालात, "मग काय घरमालकानं तुझ्या रेघा बघत जेवायचं? आण माल." सगळे हसले, मीही हसलो. धाराशिवात, वाशीत, तुळजापुरात कितीतरी घरांत तुमचे दिवस असे गिलाव्याच्या आत आहेत, आणि वरून फिरलेला गिलाव्याचा हातही तुमचाच आहे.

गिलावा वाळला की तुम्ही थापीची मूठ भिंतीवर ठोकत जायचा आणि मला डोळे मिटायला लावायचा. "कानानं बघ." माल कुठं धरला नाही हे मी आवाजावरून सांगायला शिकलो. पुढं ठेकेदारीत मला तारलं ते याच कानानं. कोण माणूस काम अर्ध्यावर टाकून जाणार, कोणता साहेब फाइल अडवणार, हे मला बोलण्याच्या सुरावरूनच कळतं. लोक म्हणतात हुशार आहे. हुशारी कसली, कान आहे, तोही तुम्ही दिलेला.

माझं ऑफिस नवीन होतं तेव्हा तुम्ही आलात. त्याआधीची दोन वर्षं तुम्ही माझ्याच साइटवर कामाला होता. जिना चढून खोकला लागलेला, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बांधकाम कामगाराच्या सरकारी नोंदणीचा अर्ज. नोंदणी झाली की दवाखान्याला मदत मिळते हे तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं. त्यासाठी मागच्या वर्षात नव्वद दिवस कामावर होता, एवढं ठेकेदारानं लिहून द्यायचं होतं. आणि नोंदणी साठीच्या आतच होते. तुम्हाला साठ पुरायला दोन महिने राहिले होते.

"खिडकीवरचा माणूस लई चांगला हाय," तुम्ही म्हणालात. "म्या म्हणलं, साहेब, चला, भिंती दाखवतो. तो म्हणला, बाबा, भिंत फायलीला लागत न्हाय. ठेकेदाराचा कागद आणा."

मी चहा मागवला. चहा येईपर्यंत हिशोब झाला होता: यांना एक कागद दिला की उद्या बाकीचे येणार, मग कुणीतरी विचारणार, हजेरीपट कुठंय, हेल्मेट कुठंय. मी म्हणालो, "उस्ताद, शिक्का सोलापूरला करायला दिलाय. पुढच्या आठवड्यात या." तुम्ही मान डोलावली. जाताना सवयीनं दाराजवळची भिंत बोटानं वाजवलीत आणि म्हणालात, "ह्यो पट्टा काढून परत घे. माल धरला न्हाय."

पुढच्या आठवड्यात तुम्ही आलात, मी साइटवर होतो. त्याच्या पुढच्याही आठवड्यात होतो. मग तुम्ही आला नाहीत. साठ पुरली. दीड वर्षानं तुम्ही गेलात तेव्हा मातीचं सगळं मी पुढं होऊन केलं. लोक म्हणाले, चेला असावा तर असा. मी ऐकून घेतलं.

आजची बाई आमच्याकडं दोन वर्षं घमेली वाहते. तिनं तोच अर्ज पुढं केला. मी काही बोलायच्या आत माझा मुकादम म्हणाला, "मावशी, शिक्का सोलापूरला गेलाय." मी कधी शिकवलं नव्हतं त्याला. ऐकून ऐकून शिकला असेल.

बाई म्हणाली, "मागल्या साली पण सोलापूरलाच व्हता. नांदायला गेलाय का काय?"

मुकादम म्हणाला, "आणि नव्वद दिवसांचा पुरावा?"

"नव्वद न्हाईत, एकशे चार हाईत. मोजा." प्रत्येक शनिवारी, गिलावा चढायच्या आधी, तिनं कोळशाच्या रेघांचा फोटो काढून ठेवला होता. आमची हजेरी अजून तशीच चालते, उस्ताद. "लेकीनं शिकवलं," ती म्हणाली. "तिला नर्सिंगला जायचंय. शिक्षणाला मदत मिळती, पर आदी माझं नाव लागलं पायजे. मालक, न्हाय म्हणायचं तर न्हाय म्हणा. पर सोलापूर सांगू नगा."

मी शर्टाच्या खिशातून शिक्का काढला. सही केली. ती गेल्यावर मुकादम म्हणाला, "आता सगळे येतील." मी म्हणालो, येऊ देत. पण त्या सगळ्यांना मी अजून स्वतःहून बोलावलेलं नाही, हेही खरं.

तुम्हाला लिहिलेला हा कागद टेबलाच्या खणात जाईल. दाराजवळचा पट्टा अजून तसाच आहे, वाजवला की कळतं. आणि एक राहिलं. त्या दिवशी शिक्का सोलापूरला नव्हता. टेबलाखाली माझ्या हातात होता, आणि तुम्ही बोलत होता तोवर मी त्याचं झाकण टकटक उघडत-मिटत होतो. तुमचा कान माझ्यापेक्षा तिखट. तुम्ही ऐकलं असणार.