थॉर्नबी पाद्र्याची मुलं

३ मार्च २०२४, रविवार
हेलनबाईंना, म्हणजे आमच्या इथल्या इंग्लिश गावच्या चर्चच्या व्हिकरना, मुख्य धर्मगुरूंना, शेवटी 'हो' म्हटलं! केंब्रिजला शिकून, इथे प्रवचनं देऊन १६३५ साली जहाजाने अमेरिकेला गेलेल्या रेव्हरंड थॉर्नबींची वंशावळ एका फलकावर मांडायची. एप्रिलमध्ये अमेरिकेतले वंशज पाहायला येणार. तुम्हाला लॅटिन येतं ना, म्हणाल्या. नाही बाई, संस्कृत येतं. त्यांना दोन्ही सारखंच.

रेखा, आमची सौ., म्हणाली, "स्वतःच्या पणजोबांचं नाव आठवत नाही, आणि पाद्र्याच्या पिढ्या मोजायला निघालेत!"

खरं कारण तिलाही ठाऊक आहे. आमच्या लेकीला, ऋजुताला घराबाहेर काढायचंय. गेल्या मे महिन्यात तिचा मुलगा गेला, पाच आठवड्यांचा. आता पुन्हा सहावा महिना, आणि ती स्टॅनमोरच्या तिच्या घरून आमच्याकडे येऊन पडदे ओढून बसलीय. बाळासाठी टोपडंसुद्धा घेऊ देत नाही. त्याचं नाव घरात कुणी काढत नाही. मीही इथे लिहीत नाही.

तिला कामाला जुंपणार. ठरलं.

९ मार्च
आली! कपाळाला आठी, पण आली. मी वाचायचं, तिने लॅपटॉपवर मांडायचं. थॉर्नबींना नऊ मुलं — नवग्रहच.

अडचण एकच. चर्चच्या फरशीत वीतभर दगड आहे: सॅम्युएल थॉर्नबी, १६२९, वय तीन महिने. आणि सॅम्युएल थॉर्नबी तर पुढे बॉस्टनजवळ जन्मभर पाद्री होता. मेल्यावर जहाजात बसला की काय? गेलेल्या मुलाचं नाव पाठच्याला कोण ठेवतं! पाथरवटच चुकला, असं ठरवून दगड वगळला. ऋजुतासमोर तो नकोच, हेही मनात होतं.

१४ मार्च
ऋजुता घरीच. पाय सुजलेत म्हणते.

१६ मार्च
आज माझ्याआधी गाडीत. चर्चमध्ये मी कॉफी घेऊन येतो तर ही फरशीवर बसून त्या दगडावरून हात फिरवतेय.

"बाबा, हे दोन मुलं आहेत."

मी पाथरवटाची गोष्ट सांगितली.

"नाही. हेलनला विचारलं मी. तेव्हा इथे करायचे तसं. एक गेला की पुढच्याला तेच नाव. दोन सॅम्युएल होते. तू पहिला काढून टाकलास."

आवाज चढला नव्हता. मी कॉफी खाली ठेवून तिच्याशेजारी फरशीवर बसलो.

परतताना म्हणाली, तेच नाव पुन्हा ठेवणं तिला नसतं जमलं. पण त्यांनी दगड तरी बसवला.

१९ मार्च
हेलनबाईंच्या मते फलकावर पहिल्या सॅम्युएलला जागा नाही. शिवाय त्या बाळापासून वंश काही पुढे गेला नाही. म्हटलं, जागा मी करतो. पाद्रीबुवांच्या विद्वत्तेवरचा माझा अख्खा परिच्छेद उडवला. त्यातले दोन समास मला फार आवडले होते. असो. थोरला सॅम्युएल आधी, धाकटा मग. यात तडजोड नाही, म्हटलं. बाईंनी चष्मा पुसला, मान डोलावली.

१३ एप्रिल
वंशज आले. फलकापाशी ही गर्दी. एका वयस्क अमेरिकन बाईंनी ऋजुताच्या पोटाकडे पाहून कौतुकाने विचारलं, पहिलंच का?

मी मध्ये पडायला निघालो. रेखाने बाही धरली.

"दुसरं," ऋजुता म्हणाली. "थोरल्याचं नाव अनय."